आमच्या आईला खुनी आधीच कळतो

आमच्या आईला खुनी आधीच कळतो, हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो असेन तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल. चारचौघांत मिरवायला प्रत्येकाला काहीतरी लागतं. आमच्या पाणीपुरवठा ऑफिसच्या तक्रार विभागात माझ्या उजव्या हाताच्या टेबलाचा मेहुणा विमान चालवायचा. डाव्या हाताच्या टेबलाने एकदा तलावात बुडणारा माणूस वाचवला होता. (त्या माणसाने पुढे आमच्याच खात्याविरुद्ध सतरा तक्रारी केल्या, तो भाग वेगळा.) माझा मेहुणा वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवतो आणि मला पोहता येत नाही. तेव्हा माझ्याकडे आई होती.

आम्ही शाळेत असल्यापासून ते माझ्या लग्नापर्यंत, खुनाचा नवा सिनेमा लागला की पहिल्या रविवारची गर्दी टाळून दुसऱ्या रविवारी सहाच्या खेळाला अख्खं घर जायचं. बाबा, आई, ताई आणि मी. बाकीचे सिनेमे बाबांना चालत नसत. प्रेमाच्या सिनेमाचा शेवट माहीतच असतो आणि लढाईच्या सिनेमाचा शाळेच्या पुस्तकात छापलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. पोस्टामागच्या त्या टॉकीजमधल्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा वर आलेल्या असायच्या. पंखा पडद्यावरच्या माणसांपेक्षा मोठ्याने बोलायचा. उशिरा आलेल्यांना जागा दाखवायला डोअरकीपर अंधारात बॅटरी मारायचा, तेव्हा हॉलमधला प्रत्येक माणूस क्षणभर संशयित दिसायचा. मला विचाराल तर खुनाच्या सिनेमाइतकं घर बांधून ठेवणारं दुसरं काही नाही. एक अनोळखी माणूस पहिल्या वीस मिनिटांत मरतो, आणि त्याच्या कृपेने पुढचे दोन तास चार माणसं एकमेकांच्या कानाला लागून बसतात.

मध्यंतरात बाबा चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "हं. बोला. कोण?"

बाबा जमीन मोजणी खात्यात होते, त्यामुळे ते खूनसुद्धा मोजत. "दिवाणखान्यापासून विहिरीपर्यंत पावणेदोनशे पावलं होतात. म्हातारा वकील चार मिनिटांत जाऊन परत येऊच शकत नाही. म्हणजे माळी." बाबांचा हिशोब बिनचूक असायचा आणि उत्तर दर वेळी चुकायचं. ताईला जो देखणा नसेल तो खुनी वाटायचा. मी बाबांच्या बाजूने. मग आम्ही तिघं आईकडे वळायचो. ती शेंगा सोलत असल्यासारखी शांत बसलेली असायची. "मला आपला तो डॉक्टर वाटतो बाई," ती म्हणायची. आणि डॉक्टरच निघायचा. एकदा नाही, दोनदा नाही, बारा वर्षं.

तर हे वाक्य मी चार महिन्यांपूर्वी आमच्या इमारतीच्या मीटिंगमध्ये बोललो. विषय गच्चीवरच्या टाकीचा होता. टाकीवरून गळतीवर, गळतीवरून ती कोणामुळे होते यावर, आणि तिथून गुन्हा शोधण्याच्या कलेवर चर्चा कशी गेली ते सांगता येणार नाही, पण आमच्या मीटिंगा अशाच जातात. तळमजल्यावरचे निवृत्त फौजदार म्हणाले, "सिनेमा बघून गुन्हेगार ओळखणारे पुष्कळ असतात. शंभरातले नव्वद नशिबावर चालतात."

"आमच्या आईला कधीही, कुठल्याही सिनेमातला ओळखता येतो," मी म्हणालो. निवृत्त होऊन मला तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या काळात कोणी माझ्याकडे एकही तक्रार घेऊन आलं नव्हतं. अशा मनःस्थितीत माणूस जरा जास्त बोलतो.

"न पाहिलेल्या सिनेमातला?"

"न पाहिलेल्याच तर."

"मग होऊन जाऊ दे," फौजदार म्हणाले. "काकू एक चिठ्ठी लिहितील, मी एक लिहितो. सगळ्यांसमोर."

इथपर्यंत प्रकरण आमच्या दिवाणखान्यात मावण्यासारखं होतं. पण आमच्या सेक्रेटरीला वर्षाला तीन सांस्कृतिक कार्यक्रम केल्याचं अहवालात दाखवावं लागतं आणि त्यांचा एकही झाला नव्हता. ते वहीत लिहूनच मोकळे झाले. शेजारच्या गल्लीतलं वॉर्डाचं सभागृह घ्यायचं ठरलं आणि व्यवस्थेची जबाबदारी, मी रिकामा आहे या कारणास्तव, एकमताने माझ्यावर आली. मी आणि रिकामा हे दोन शब्द एका वाक्यात मी प्रथमच ऐकले.

पहिला प्रश्न सिनेमाचा. आईने न पाहिलेला जुना खुनाचा सिनेमा मिळवायचा म्हणजे सोपं काम नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सुचवलं की सगळं फोनवर मिळतं. त्यांनी शोधून दिलेला सिनेमा विहीर खणण्याच्या पद्धतींवरचा माहितीपट निघाला. शेवटी आठवण झाली ती कॅसेट लायब्ररीवाल्याची. आता तो मोबाईलची कव्हरं विकतो, पण दुकानाच्या पोटमाळ्यावर त्याने जुन्या डिस्कचं एक खोकं अजून सांभाळून ठेवलं आहे. मी कारण सांगताच त्याने गिऱ्हाईक सोडून शिडी लावली.

"हा घ्या. डोंगरावरचा बंगला, एक मालक, सात पाहुणे. आपल्या गावात तीनच दिवस चालला, मग टॉकीजचं छत गळायला लागलं. कोणी पाहिला नसेल." डिस्क हातात देताना त्याने मला जवळ बोलावलं. "एक अट. शेवट कुणाला सांगायचा नाही. एका गिऱ्हाइकाने कव्हरावर पेनने खुन्याचं नाव लिहून कॅसेट परत आणली होती. चांगला माणूस होता, शाळेत हेडमास्तर. जन्मात त्याला पुन्हा दुकानाची पायरी चढू दिली नाही."

मग सभागृह. वॉर्ड ऑफिसातल्या अर्जावर कार्यक्रमाच्या स्वरूपाखाली चार चौकटी होत्या. लग्न, वाढदिवस, सभा, शोकसभा. बत्तीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो, त्यामुळे बाहेरच्या बाजूला किती ऊन लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

"सिनेमा," मी म्हणालो.

"सिनेमाला चौकट नाही," खिडकीतला कारकून म्हणाला. "त्यात होतं काय?"

"एका माणसाचा खून होतो आणि बाकीचे त्यावर बोलतात."

त्याने थोडा विचार केला आणि शोकसभेवर खूण केली. "मयताचं नाव?"

"बंगल्याचा मालक" असं लिहून मी सही केली. मीही त्याच्या जागी हेच केलं असतं, म्हणून वाद घातला नाही.

खरा घोळ पुढेच होता. सूचना लिहायचं काम सेक्रेटरींनी स्वतःकडे ठेवलं. आमचा फळा लहान आणि त्यांचं अक्षर मोठं. त्यामुळे फळ्यावर आलं ते असं: "रविवारी सायं. पाच वाजता वॉर्ड सभागृहात खून. सर्वांनी वेळेवर यावे. लहान मुलांना आणू नये. संपर्क: घर क्र. बारा." घर क्रमांक बारा म्हणजे आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एक हवालदार दारात उभा. बायकोने त्याला पाणी दिलं आणि मला आतून हाक मारली ती अशी, "अहो, तुम्हाला न्यायला आलेत." तिच्या आवाजात जितकं आश्चर्य असायला हवं होतं तितकं मला ऐकू आलं नाही.

चौकीतल्या साहेबांनी फळ्याचा फोटो माझ्यासमोर ठेवला. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे खून होणार," साहेब म्हणाले.

"हो, पण पडद्यावर."

"करणार कोण?"

"ते अजून माहीत नाही. शेवटी कळेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेवटी माझ्याकडून एक हमीपत्र लिहून घेतलं. सदर ठिकाणी खून होणार नाही, झाल्यास तो फक्त पडद्यावर होईल, व त्यास मी व्यक्तिशः जबाबदार राहीन. दोन साक्षीदारांच्या सह्या लागल्या. एक सही फौजदारांनी केली. ती करताना ते गालातल्या गालात हसत होते ते मला अजून टोचतं. शिवाय बंदोबस्ताला तो हवालदार रविवारी हजर राहणार असं ठरलं.

या सगळ्यात आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिला आयत्या वेळी आनंदाचा धक्का द्यायचा असा माझा बेत. पण घरात पोलीस येऊन गेल्यावर आनंदाचा धक्का कसला राहतो. शनिवारी दुपारी ती गॅलरीत बसली होती, एक्याऐंशी वर्षांची, मांडीवर चष्म्याचं घर. मला म्हणाली, "बस जरा. तो सिनेमा मला आधी दाखव."

"आधी कसा दाखवणार? मग ओळखण्यात काय अर्थ?"

"आजवर तसंच तर झालं," आई म्हणाली.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. आई चष्मा पुसत राहिली.

"दर बुधवारी मी विणकामाच्या वर्गाला जायचे, आठवतं?"

आठवत होतं. बुधवारी आम्ही शाळेतून आलो की ती नुकतीच परतलेली असायची.

"बारा वर्षांत मी काय विणलं, सांग बरं."

मी डोकं खाजवलं. एक स्वेटर होता. त्याला एकच बाही होती.

"बुधवारी बाराचा खेळ असायचा," आई म्हणाली. "शुक्रवारी सिनेमा लागायचा, बुधवारी मी बघून यायचे, रविवारी तुमच्याबरोबर. एकटीने जायचे. मागच्या रांगेत कोपऱ्याची खुर्ची. घरातलं काही नाही, कोणाची हाक नाही, तीन तास. डोअरकीपर ओळखायचा. कधी काही बोलला नाही बिचारा."

"आणि खुनी?"

"तुम्ही तिघं विचारायचात, 'आई, कोण?' म्हणून. खरं सांगू? एरवी त्या घरात मला कोणी काही विचारतच नसे. किल्ली कुठे आहे आणि दूध उतू गेलं का, एवढंच. म्हटलं, निदान याचं तरी बरोबर उत्तर द्यावं."

यावर मी जे बोललो ते सांगायची लाज वाटते. मी म्हणालो, "अगं, मी ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं होतं. निरोपाच्या भाषणात सांगितलं." चाळीस वर्षांच्या माझ्या एकुलत्या एक मोठेपणाला पाया नव्हता, आणि त्या क्षणी मला पहिली काळजी त्या मोठेपणाचीच वाटली. माणूस असाच असतो, किंवा निदान मी तरी असा आहे.

"बाबांना माहीत होतं?" मी नंतर विचारलं.

आईने चष्मा घरात ठेवला. "कधी बोलणं झालं नाही. पण मंगळवारी संध्याकाळी पेपर वाचताना ते एकदम मोठ्याने म्हणायचे, 'उद्या बाराचा खेळ आहे वाटतं.' एरवी तुझे बाबा पेपरातलं एक अक्षर मोठ्याने वाचत नसत."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात, तुमच्याबरोबर रविवारी पहिला सिनेमा पाहिला तेव्हाच कळलं होतं. खून व्हायच्या आधीच आई खुन्याकडे बघत बसल्या होत्या."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या आनंदाने सांगत होतात सगळ्यांना."

म्हणजे घरात तीन माणसांना माहीत होतं आणि मी तेवढा बाहेर. तक्रार करायची तर कोणाकडे करणार. खात्यातून तर मी निवृत्त झालो होतो.

आता प्रश्न रविवारचा. मी सरळमार्गी माणूस आहे. कचेरीतली पेन्सिलसुद्धा कधी घरी आणली नाही. पण सभागृहाचा अर्ज, हमीपत्र, फौजदारांचं ते हसू, हे सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी आत जाऊन डिस्क लावली. पडदे ओढले. आई खुर्चीत बसली. पडद्यावर धुकं, डोंगर, बंगला. जिन्यावरून मालक खाली उतरला, सात पाहुण्यांनी पेले उंचावले. आई पुढे सरकून एकेकाचा चेहरा पाहत होती. मग म्हणाली, "बंद कर."

"का?"

"आयुष्यात एकदा तुमच्यासारखा बघते. इतकी वर्षं रविवारी मी तुमचे चेहरे बघत बसायचे. दार करकरलं की तुम्ही तिघं दचकायचात आणि मला ठाऊक असायचं की दाराआड मांजर आहे."

"आणि हरलीस तर?"

"फौजदार खूश होतील. होऊ देत की. त्यांनाही आता कोण काय विचारतंय?"

रविवारी पाचला सभागृहात ऐंशी खुर्च्या भरल्या आणि पंधरा माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. त्या फळ्याचा एवढा एक फायदा झाला. मी डिस्क लावणार तेवढ्यात सभागृहाचा राखणदार रजिस्टर घेऊन पुढे आला. शोकसभेच्या नोंदीत मौन किती वाजता पाळलं ती वेळ लिहावी लागते, आणि वेळ लिहिल्याशिवाय दिवे बंद करायची त्याला परवानगी नाही. मी त्याला समजावलं. सेक्रेटरींनी समजावलं. खिडकीतून बत्तीस वर्षं मी लोकांना जे सांगत आलो तेच तो मला सांगत होता, "नियम मी केलेला नाही." शेवटी ऐंशी अधिक पंधरा माणसं उठून उभी राहिली आणि अजून अर्धा तास जिवंत राहणार असलेल्या बंगल्याच्या मालकासाठी आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो. हवालदाराने टोपी काढली होती.

मग दिवे गेले. पहिल्या रांगेत आई, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला फौजदार. मालकाला ग्रंथालयात मारलं तेव्हा आईने माझं मनगट धरलं. सुरुवातीला मला वाटलं तिला बरं वाटत नाही. पण ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. "तो दार उघडेल का रे?" ती पुटपुटली. मला काय माहीत, मीही पहिल्यांदाच बघत होतो. दार उघडलं. आई खुर्चीतून इंचभर वर उडाली आणि मग तोंडावर हात ठेवून हसली. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. टॉकीजमध्ये इतक्या रविवारी मी तिच्या शेजारी बसलो, पण ती कधी घाबरली नव्हती आणि ते मला थोर वाटायचं.

मध्यंतरात सेक्रेटरी बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आले. चिठ्ठ्या त्यात टाकायच्या. फौजदारांनी झटकन एक शब्द लिहून घडी घातली. सगळं सभागृह आईकडे बघायला लागलं. आईने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "तुला काय वाटतं? कोण?"

अठ्ठावन्न वर्षांत तिने मला हे पहिल्यांदाच विचारलं. मी घाईघाईने माझा सगळा तर्क सांगितला. ग्रंथालयापासून जिन्यापर्यंतची पावलंसुद्धा मी मोजली होती. तिने ते पुरतं ऐकून घेतलं, मान हलवली आणि चिठ्ठीवर नर्स असं लिहिलं. माझ्या मते वकील होता.

उत्तरार्धात काय झालं ते पूर्ण सांगता येणार नाही, कारण शेवटच्या वीस मिनिटांत मी पडद्याकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होतो. सातजण एका खोलीत आले. दिवे गेले. एकाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. काडी पेटली आणि ज्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला त्याला पाहून सगळ्या सभागृहातून एकच आवाज निघाला, वाफेच्या इंजिनातून निघतो तसा. भिंतीजवळचा हवालदार दोन पावलं पुढे आला होता. नर्स नव्हती. वकीलही नव्हता. आणि फौजदारांनी ज्याचं नाव लिहिलं तो स्वैपाकी तर पाऊण तासापूर्वीच निर्दोष ठरला होता.

दिवे लागले. सेक्रेटरींनी डबा उघडून चिठ्ठ्या वाचल्या. आईची चिठ्ठी वाचल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. चाळीस वर्षं मी ज्या क्षणाला भीत होतो, तो हाच असावा. मी जमिनीकडे बघत राहिलो. मग माझ्या शेजारून हसण्याचा आवाज आला. आई डोळे पुसत हसत होती. "नर्स काय म्हणून लिहिलं मी? ती बिचारी शेवटपर्यंत औषधाच्या बाटल्या मोजत होती."

"काकू, मलाही तिच्यावर संशय होता," फौजदार म्हणाले. "त्या बाटल्या एकदा सहा होत्या आणि एकदा पाच."

"पाच कधी होत्या?"

"ग्रंथालयात जायच्या आधी."

"तेव्हा सहाच होत्या. मी मोजल्या."

"मी साडेतीन दशकं नोकरी केली, काकू."

"केली असेल. बाटल्या सहाच होत्या."

कोणी घरी जायला तयार नव्हतं. खुर्च्या वळवून लोकांची कोंडाळी झाली. हवालदार सेक्रेटरींना हातमोज्यांचा मुद्दा समजावत होता. मी फौजदारांना म्हणालो, "मग, आईचं काय?" मला त्यांच्याकडून शेवटचा शेरा ऐकून टाकायचा होता, म्हणजे विषय संपेल. ते म्हणाले, "थांबा हो, आधी त्या बाटल्यांचं बघू द्या." राखणदाराने एकेक दिवा बंद करायला सुरुवात केली तेव्हा आम्ही बाहेर पडलो.

पायऱ्यांवर तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका धावत येताना दिसली. मध्यंतरात तिला सासूच्या औषधासाठी घरी जावं लागलं होतं आणि तेव्हापासून तिचा जीव इथेच अडकला होता. धापा टाकत ती आईपाशी आली.

"संपला ना? काकू, कोण निघालं शेवटी?"

फौजदारांनी तोंड उघडलं होतं, पण आईने हात वर केला आणि ते मिटलं.

"नाही सांगणार," आई म्हणाली.

"निदान बाई की पुरुष, एवढं तरी."

आईने खरोखर विचार केला. तिचे ओठ हलले, आणि मग तिने नकारार्थी मान हलवली. "उद्या दुपारी चारला आमच्याकडे ये. पुन्हा लावू. मी तुझ्या शेजारी बसते आणि शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही."

"मीही येतो," फौजदार म्हणाले. "बाटल्या मोजायच्यात."